फ्रायसाहेबांची वस्ती

त्या रविवारी यादवराव नेहमीसारखेच फ्रायसाहेबांच्या पाटीपाशी सायकलवरून उतरले. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि सायकल हातात धरून चालू लागले. मागून येणारी त्यांची लेक मैत्रीही मुकाट्याने उतरली.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या टेकडीवरच्या या झाडांच्या वस्तीत लेकीकडे राहायला आल्यापासून हे उमरखेडचे निवृत्त इतिहासशिक्षक वस्तीच्या इतिहासामागे हात धुऊन लागले होते. पूर्वी इथे चेरीच्या बागा होत्या. मग कारखान्यांच्या साहेबलोकांनी बंगले बांधले, भोवती झुडपांची कुंपणं लावली आणि ती छाटायला जे बसले ते अजून छाटताहेत. एवढं शेजारच्या फ्राऊ हॉफमान आजींनी सांगितलं. पण वस्ती वसवली कोणी? ते यादवरावांनी स्वतःच शोधून काढलं आणि आजींनाही ऐकवलं. गल्ली कुठलीही असो, तिच्या तोंडाशी एकच नाव: अनलीगर फ्राय.

"आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा लहान काढलंय बघ," ते म्हणाले. "केवढा नम्र माणूस! आपला नगरसेवक असता तर फोटोसकट असता."

"हं."

"आणि रविवारी गवत कापायचं नाही, हा नियमही त्याचाच असणार. माळ्यांची काळजी!"

"असेल, बाबा."

फ्राय नावाचं कोणी नाही, हे सांगायचं मैत्रीने कितीदा ठरवलं होतं. पाटीवरच्या लाल वर्तुळाचा अर्थ वाहनांना बंदी, आणि त्याखालच्या 'अनलीगर फ्राय' या दोन जर्मन शब्दांचा अर्थ इथल्यांना मोकळीक. पण पहिल्याच फेरीत ते बोलून गेले होते, "आमच्या गावात वरच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरावं लागायचं. तिथे उतरवायचे. इथे मी आपणहून उतरतो. फार फरक आहे, पोरी." आता यावर जर्मन व्याकरण कोण शिकवणार?

सोमवारी सकाळी चहा गार झाला तरी यादवराव उठले नाहीत.

अंत्यविधीचं सगळं उरकल्यावर हॉफमान आजी चेरीचा केक घेऊन आल्या. मैत्रीचा हात हातात घेऊन गंभीरपणे म्हणाल्या, "हेर फ्राय यांनाही फार वाईट वाटलं असेल."

मैत्री चमकली. "म्हणजे? फ्राय नावाचं कोणी नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, माझा जन्म इथला. पाटी वाचता येते मला."

"मग बोलला का नाहीत?"

"आल्झो, म्हणजे असं बघ, आमचा खरा इतिहास काय, तर कुंपणाच्या उंचीवरून भांडणं. तुझ्या वडिलांचा बरा होता. मी भावाला सांगितला, त्याने चर्चमध्ये सांगितला. आता तिथले दोघं शपथेवर सांगतात, त्यांच्या आजीने फ्रायला पाहिलं होतं. घोड्यावर."

मैत्री इतकी हसली, की केकची बशी खाली ठेवावी लागली. मग ती बराच वेळ रडली. आजी खिडकीबाहेरच्या आपल्या कुंपणाकडे बघत बसल्या.

पुढच्या रविवारी तिने वडिलांची सायकल काढली. पाटीपाशी पाय सवयीने जमिनीला टेकला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. इतके दिवस सांगायचं राहिलेलं तिने एकदाचं मोठ्याने म्हटलं:

"बाबा, उतरू नका. इथल्यांना मोकळीक आहे, असं लिहिलंय. तुम्ही इथलेच. चालवत चला."