अपांचा झुरका

माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे मशीनला गांजा ओढायला लावणं. आमच्या प्वेब्लो शहरात गांजा कायद्यानं विकता येतो. दुकानात जाणाऱ्या वेप-पेनांचे, म्हणजे गांजाचं तेल तापवून त्याची वाफ ओढायच्या नळ्यांचे, नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतात. मशीन ठरलेल्या मापाचे झुरके घेतं, आणि वाफेतून शिसं, फॉर्मल्डिहाइड असलं काही विषारी निघतंय का, ते आम्ही तपासतो. मशीन मोठं गुणी आहे. छोटा झुरका, विश्रांती, पुन्हा छोटा झुरका. खोकत नाही, उगाच हसत नाही, नंतर फ्रीज धुंडाळत नाही.

सेलेडोनियो वायेहोस, म्हणजे माझे अपा, एवढे गुणी नाहीत. उभा जन्म त्यांनी पोलादाच्या कारखान्यात काढला. तिथल्या धुळीनं फुप्फुसं अर्धी खाल्ली, आणि उरलेला राग संधिवातानं बोटांवर काढला. संध्याकाळी वेप-पेनचे दोन-चार झुरके घेतले की बोटं सैल होतात आणि त्यांना झोप लागते. मला ती झोपही हवी होती आणि फुप्फुसंही. त्यातलं एक सोडावं लागेल की काय, याची धास्ती मनात होतीच. पण ते ओढत ते पेन आमच्याच प्रयोगशाळेतून पास झालेलं, म्हणून मी मनाची समजूत घालून घेतली होती.

मग मिरच्या भाजायचे दिवस आले. आमच्याकडे हिरव्या मिरच्या जाळीच्या पिंपात घालून, खाली ज्योत लावून, पिंप फिरवत भाजतात. आमच्या गल्लीतले लोक पोती घेऊन अपांकडेच येतात. मिरची पडायच्या आधी पिंप सणसणीत तापलेलं हवं, हा त्यांचा धर्म. त्या दिवशी काम उरकून ते अंगणात खुर्चीवर टेकले, पेन काढलं, त्याचं बटण दाबलं आणि न ओढताच दाबून बसले.

"हे काय चाललंय, अपा?"

"तापवतोय. थंड पिंपात मिरची टाकतं का कोणी, पोरी?"

आणि मग त्यांनी असा झुरका घेतला की पेनचा दिवा लुकलुकून आपणहून विझला. आमच्या मशीननं असा झुरका जन्मात घेतला नव्हता. आम्ही पास केलं होतं ते मशीनचं ओढणं, माझ्या बापाचं नव्हे.

मी सांगून पाहिलं की असं तापवू नका, एवढं लांब ओढू नका. ते म्हणाले, भट्टीशी त्यांची ओळख माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे, आणि मशीनला नशा करायला लावणाऱ्यांनी माणसांना अक्कल शिकवू नये. मीही त्यांचीच मुलगी. माझाही आवाज चढला. त्या रात्री मिरचीचा रस्सा आम्ही एकमेकांकडे न बघता जेवलो, आणि तो झाला होता मात्र फक्कड.

सोमवारी मी आमच्या साहेबीणबाईंना, लोरीन हॅस्केटना गाठलं. त्याच पेनचा एक सीलबंद नमुना उरला होता. ही काही नियमातली तपासणी नव्हे, असं त्यांनी बजावलं, पण जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामंच असतं हेही सुचवलं. मग मी मशीनला अपांसारखं ओढायला शिकवलं. आधी नुसतं तापव, मग दिवा विझेस्तोवर ओढ. लोरीन सँडविच खात शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओडिलिया, तुझ्या वडिलांना एकदा भेटलं पाहिजे."

वाफ ज्या गाळणीतून जाते, तिची पांढरी चकती मी बाहेर काढली. मशीनच्या नेहमीच्या झुरक्यांनी ती जेमतेम पिवळी पडते. ही करपलेल्या भाकरीसारखी तपकिरी होती. फॉर्मल्डिहाइडचा आकडा कित्येक पटींनी चढला होता. पेन तेच, आतलं तेल तेच. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आपलं खरं ठरलं याचा आनंदही झाला. खोट पेनात नव्हती, ओढण्यात होती. म्हणजे पेन फेकायची गरज नव्हती. फक्त अपांना वळवायचं होतं, आणि कारखान्यातल्या चार फोरमनांना जे जमलं नव्हतं ते हेच.

आकडे त्यांच्यापुढे टाकून उपयोग नव्हता. मी दोन्ही चकत्यांचे फोटो घेऊन घरी गेले. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. मिरची जरा जास्त लागली तर हा माणूस अख्खी टोपली फेकून देतो आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या पोत्यातली भाजून देतो.

"ही जळलीय," तपकिरी चकतीवर बोट ठेवून ते म्हणाले.

"ती तुमच्या रीतीनं ओढलेली आहे."

माझ्याकडे पुढचं मोठं भाषण तयार होतं. मी ते गिळलं. अपा पेन बोटांत फिरवत बसले. मुलांकडून काही शिकायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. नवा फोन दिला होता, तर कसा लावायचा विचारण्यापेक्षा त्यांनी तो कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, आता पेनही तिथेच जाणार, आणि त्याच्याबरोबर त्यांची झोपही.

त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं.

"मशीनला माझ्यासारखं ओढायला शिकवलंस ना?" ते म्हणाले. "आता मला मशीनसारखं शिकव."