खलाशी बार्नबीची मरणं

बरबँकच्या मोठ्या चित्रपट स्टुडिओतली पक्की नोकरी सोडून ड्वाइट ऑस्ट्रँडरने स्वतःच्या गॅरेजात कार्टूनचा स्टुडिओ थाटला, तेव्हा त्याच्यामागोमाग तिथलीच चित्रकार लोर्ना पेट्राकिसही बाहेर पडली. साल त्र्याऐंशी. नाणं टाकून खेळायच्या दुकानांतल्या व्हिडिओ गेममध्ये तेव्हा ठिपके ठिपक्यांना खात असत. ड्वाइटला हाताने काढलेलं, खरंखुरं कार्टून डिस्कवर भरायचं होतं. खेळणाऱ्याने यंत्रावरचा दांडा वेळेवर फिरवला की गोष्ट पुढे सरकणार, नाहीतर नायक मेला.

नायक होता बार्नबी नावाचा खलाशी. वादळातून तो किनाऱ्याला लागतो, हा शेवट ड्वाइटने स्वतःकडे ठेवला. लोर्नाच्या वाट्याला सगळी मरणं आली.

"मी काय स्मशानात नोकरीला लागलेय?" ती कुरकुरली.

"अगं, दोन-दोन सेकंदांची तर कामं. उरकून टाक."

तिने उरकली नाहीत. तिचा बार्नबी शार्कच्या जबड्यात शिरताना अदबीने टोपी काढायचा, बुडता बुडता मिशी सारखी करायचा.

गेम आला आणि दुकानांबाहेर रांगा लागल्या. लोर्ना बघायला गेली, तर पोरं मुद्दाम चुकत होती.

"ए, वाचवू नको त्याला! शार्क बघायचाय!"

सगळे खदखदून हसले. किनाऱ्यापर्यंत कुणीच पोचलं नाही. लोर्नाला आनंद झाला, आणि लगेच ड्वाइटसाठी वाईटही वाटलं.

तिने सांगितल्यावर तो स्वतः जाऊन रांगेत उभा राहिला. तिसऱ्याच लाटेत त्याचा बार्नबी बुडाला. मागची मुलगी म्हणाली, "होतं असं, काका. सरका आता."

परतल्यावर ड्वाइट किनाऱ्याची चित्रं उलटत बसला. त्याचा अख्खा हिवाळा त्या शेवटावर गेला होता.

पुढे गाडं बिघडलं. त्या डिस्कची यंत्रं घरी सिनेमा बघण्यासाठी केलेली. दुकानात दिवसभर राबून ती मान टाकू लागली. चित्र मध्येच थिजायचं. दुकानदारांनी गेम परत पाठवले. दुसरा गेम अर्धाच राहिला आणि स्टुडिओ बंद झाला.

शेवटच्या दिवशी ड्वाइटने किनाऱ्याचा प्रसंग सगळ्यांना पडद्यावर दाखवला.

"हाही तुझ्याकडेच द्यायला हवा होता," तो लोर्नाला म्हणाला.

"मी त्याला वाळूत पुरला असता. सुंदर झालंय हे, ड्वाइट."

ती मनापासून बोलत होती. तो मान खाली घालून टेबलं बाहेर काढू लागला. तिने दुसरं टोक धरलं.

महिन्याभरात लोर्ना टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी हसऱ्या दातांची चित्रं काढू लागली. ड्वाइट ओहायोत चित्रकला शिकवायला गेला. नाताळला दोघं एकमेकांना कार्ड पाठवत राहिली.