डाव्या गुडघ्याची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. लगेच जांभया देऊ नका, माझ्यावर कोणी झोपत नाही. फरशी बसवणारा माणूस दिवसभर गुडघ्यांवर असतो. त्याचे गुडघे सोलून निघू नयेत म्हणून त्यांवर पट्ट्याने जी जाडजूड गादी बांधतात, ती मी. डाव्या गुडघ्याची. उजव्याला माझी जुळी बहीण होती. ती आता नाही. ती कशी गेली ते मी घाईघाईने सांगते आहे, कारण काल मला पुन्हा तोच आवाज ऐकू आला.

आमचा जन्म शिलाई मशीनवर झाला. आमच्या फरशीवाल्या मिस्त्रींची बायको शाळेच्या पिशव्या शिवते. लग्नानंतर नवऱ्याचे गुडघे पाहून तिने पिशव्यांचे उरलेले जाड कापड घेतले, आत मोडक्या खुर्चीचे रबर भरले आणि आम्हा दोघींना शिवून काढले. "दुकानातल्यापेक्षा भारी!" म्हणत मिस्त्री घरभर गुडघ्यांवर चालले. ती हसून हसून बेजार झाली.

मिस्त्रींचा हात फार साफ. सिमेंटचा ओला माल पसरायचा, त्यावर फरशी ठेवायची, रबरी हातोडीने ठोकायची आणि गुडघ्यांवरच मागे मागे दाराकडे सरकायचे, ही त्यांची रीत. माल घट्ट होऊ लागतो, त्यामुळे मध्येच थांबता येत नाही. "माल पसरला की उठायचं नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. काम झाले की ते एकेक फरशी वाजवून पाहत. एखादी पोकळ वाजली, की घरमालक नको नको म्हणत असतानाही उपटून काढत. "आत पोकळ राहिली तर आज ना उद्या फुटणार. आत्ताच काढली तर शेजारच्या तरी वाचतात," असे मुलीला सांगत. मुलगी मोठी झाल्यावर त्यांच्याबरोबरच कामाला लागली होती. फरशी कापावी तर तिनेच. लोक त्या दोघांच्या जमिनीचे तोंड भरून कौतुक करत. आमचे कोणी केले नाही, पण आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही.

मग एका बँकेचे मोठे दालन आले. मिस्त्रींच्या दोन्ही हातांत जड फरशी होती, सगळा भार उजव्या गुडघ्यावर होता आणि ते कमरेतून वळले. पाऊल तिथेच राहिले, गुडघा तेवढा पिरगळला. टक्. आवाज एवढासाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गुडघा टम्म सुजलेला होता.

"आत काहीतरी फाटलंय गं," खिळ्याला टांगल्यावर बहीण मला म्हणाली. "दोन हाडांच्या मध्ये आपल्यासारखीच एक मऊ गादी असते ना, तिची कड सुटलीय."

सूज ओसरली आणि मिस्त्री ती गोष्ट विसरून गेले. आतली कड मात्र तशीच लोंबत होती. एक दिवस ते उठायला गेले तर उजवा पाय सरळच होईना. दाराच्या फटीत खडा अडकला की दार जसे लागत नाही, तसे झाले. मिस्त्रींना दरदरून घाम फुटला. मुलीने मान वर केली, तसे ते पटकन म्हणाले, "चहा टाक गं. घसा सुकलाय."

ती बाहेर स्टोव्हकडे गेली. तेवढ्यात मिस्त्रींनी भिंतीला पाठ टेकली, दोन्ही हातांनी घोटा धरला, दातओठ खाऊन पायाला हिसका दिला. टक्. पाय सुटला. ती कप घेऊन आली तेव्हा ते उभे राहून शीळ घालत होते.

पुढे हे वरचेवर होऊ लागले. "बाबांना हल्ली चहाचं वेडच लागलंय," असे मुलगी आईला हसत सांगे. जितके चहा तितके हिसके, या हिशेबाने खिळ्यावर आम्हा दोघींच्या अंगावर काटा येई. प्रत्येक हिसक्याला तो फाटका तुकडा हाडावरचे गुळगुळीत आवरण खरवडून काढत होता. बहिणीला ते जाणवे आणि ती रडे.

जिन्यावरचे त्यांचे लंगडणे बायकोच्या नजरेतून सुटले नाही.

"अहो, एकदा दाखवून या ना."

"हे काम हातावेगळं होऊ दे."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. फरशी पोकळ वाजली की लगेच उपटता. गुडघा एवढा वाजतोय, तो नाही वाटतं ऐकू येत?"

"डॉक्टर गुडघा चिरणार. एकदा चिरला की माणूस कामातून गेला. आणि माल पसरलाय, आता मध्येच कसा उठू?"

मित्रांनो, ते घाबरले होते. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. आपल्या माणसाबाबत असेच होते.

शेवटी एकदा चहा आला तरी पाय सुटला नाही. हिसका दिला, पुन्हा दिला, काही नाही. मुलगी कप हातात धरून दारात उभी होती आणि बाबा पांढरेफटक पडून भिंतीला टेकले होते. तिने आणि शेजारच्या खोलीतल्या रंगाऱ्याने त्यांना खुर्चीत घालून खाली नेले. गुडघा इतका सुजला होता की दवाखान्यात नर्सबाईंनी बहिणीचा पट्टा कात्रीने कापला आणि तिला कचऱ्याच्या बादलीत टाकले. मी दुसऱ्या पायावरून ते पाहिले.

आतले फोटो निघाले. डॉक्टरबाईंनी विचारले, "याआधी कधी अडकला होता?"

"नाही. पहिल्यांदाच," मिस्त्री म्हणाले. मुलीनेही भाबडेपणाने मान हलवली.

"आत तसं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "दुर्बिणीने ऑपरेशन करू. दोन बारीक छिद्रं. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजार. मोठी चिरफाड नाही."

"एवढंच?" मिस्त्री पाहतच राहिले.

"एवढंच. लवकर आला असतात तर ती कड बहुतेक शिवताही आली असती. आता फाटलेला भाग काढावा लागेल. आणि झिजलेलं आवरण काही दुर्बिणीने परत येत नाही."

"मग जरा दुखलं की यायचं का?" बायकोने विचारले.

"प्रत्येक दुखण्याला दुर्बीण लागत नाही. पुष्कळ गुडघे विश्रांतीने आणि व्यायामाने बरे होतात. पण पिरगळून सुजला, अडकला, सरळ होईना, चालताना दगा द्यायला लागला, तर घरी हिसके मारत बसायचं नाही. ताबडतोब दाखवायचं."

हिसके हा शब्द ऐकून मिस्त्रींनी मान खाली घातली. तेव्हा सांगता आले असते. त्यांनी सांगितले नाही.

आता उजव्या गुडघ्यावर बसायचे नाही, असा हुकूम आहे. फरशी मुलगी बसवते, मिस्त्री स्टुलावर बसून काठीने वाजवून पाहतात. मी खिळ्यावर एकटी धूळ खात होते. मग एकदा दाराजवळचा कोपरा राहिला, माल घट्ट होऊ लागला आणि ते म्हणाले, "आण इकडे, एवढं मी करतो." त्यांनी मला बांधले. उजवा पाय लांब पसरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. तेव्हापासून प्रत्येक कामाचा कोपरा त्यांचाच असतो. बायको ओरडली तर म्हणतात, "उजव्यावर कुठे बसतोय मी?"

काल अशाच एका कोपऱ्यात, फरशी हातात धरून ते वळले. टक्. या वेळी आवाज माझ्याखालून आला.

आणि आत्ता, मी हे सांगत असताना, ते उठू पाहत आहेत. डावा पाय सरळ होत नाही. समोर फरशी कापणाऱ्या मुलीने मान वर केली आहे.

"काय झालं, बाबा?"

"कुठे काय? चहा टाक गं."

मित्रांनो, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरातही असे कोणी असेल, जे पाय धरून बसते आणि तुम्हाला दुसऱ्या खोलीत पिटाळते. तेव्हा जाऊ नका. तिथेच बसा आणि पाय दाखवा म्हणा. रागावले तरी हलू नका. आणि आत्ता इथे कोणी असाल तर या पोरीला थांबवा. चहा राहू दे म्हणावे, आधी मागे वळून बघ.

ती पातेले घेऊन बाहेर गेली. मिस्त्रींनी भिंतीला पाठ टेकली आहे आणि डावा घोटा दोन्ही हातांनी धरला आहे.