अकराची आणि चारची

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली धाकट्यानं सिगारेट सोडायचं मनावर घेतलं.

वडिलांच्या चष्म्याच्या दुकानाचे तोवर दोन भाग झाले होते, मधे फळ्यांची भिंत. अलीकडे थोरला नंबर काढायचा, पलीकडे धाकटा काचा घासायचा. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच हातून यायची, कारण नऊ वर्षं दोघांचा अबोला होता. आईच्या ऑपरेशनाला थोरला नको म्हणाला होता. धाकट्यानं हट्टानं करवलं आणि आई टेबलावरच गेली. त्यानंतर बोलायला हवं होतं, ते कोणी बोललंच नाही.

मात्र रोज अकराला आणि चारला दोघं मागच्या पायऱ्यांवर येत. थोरला आपली सिगारेट पेटवी आणि तीच काडी तळव्याच्या आडोशानं पुढं धरी. धाकटा वाकून आपली पेटवून घेई. पाच मिनिटं शेजारी बसून मुकाट्यानं उठत. भाऊपण काय उरलं होतं ते एवढंच.

धाकट्याचा खोकला ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "एकदम सोडू नका, आधी मनाची तयारी करा. पंधरा दिवस प्रत्येक सिगारेटपुढं लिहा, ती का ओढली."

त्यानं इमानेइतबारे लिहिलं. बाई वाचू लागल्या. "झोप उडवायला... जेवण झालं म्हणून... आणि ही अकराची नि चारची? रोज नुसतंच 'दादा'. नवा ब्रँड आला का हा?"

त्यानं सगळं सांगितल्यावर बाईंचं हसू मावळलं. "बाकीच्या आधी सोडा. या दोन शेवटी. त्यांचं औषध माझ्याकडं नाही."

बाकीच्या महिन्याभरात सुटल्या. या दोन राहिल्या. नुसतं जायचं बंद केलं, तर दादाला वाटणार, जुना राग पुन्हा उफाळला. म्हणजे सांगायलाच हवं. दाढी करताना तो आरशापुढं एकच वाक्य घोळवू लागला.

"मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढा घाम फुटला नव्हता," बायको म्हणाली. "भाऊ आहे तो, फौजदार नाही!"

"तूच वहिनीच्या कानावर घाल ना."

"आम्ही जावा रोज बोलतो. अबोला तुमचा, तुम्हीच निस्तरा."

शनिवारी चारला थोरल्यानं काडी पुढं धरली. धाकटा वाकला नाही. काडी बोटापर्यंत जळत आली.

"दादा, मी सिगारेट सोडतोय. सोमवारपासून."

थोरल्यानं काडी टाकली.

"खोकला?"

"हं."

"फळीपलीकडून ऐकू येतो. दोन वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास?"

धाकटा म्हणाला, "मी नुसता येऊन बसत जाईन."

"वेडा आहेस का? धूर नाकात गेला की पुन्हा लागेल तुला." थोरला गुडघ्यावर हात टेकून उठला. "आता इथं फिरकू नकोस. मीही येणार नाही."

सोमवारी अकराला धाकट्याला राहवलं नाही. पायऱ्या रिकाम्या होत्या. तो दुकानाच्या पुढं आला. रस्त्यापलीकडं, बँकेच्या भिंतीआड थोरला ओढत उभा होता, वाऱ्याचा रोख बघून धूर दुकानापासून दूर सोडत. धाकट्याला पाहताच त्यानं हातानंच दटावलं, आत जा. धाकटा आत गेला. त्याला हाक मारायची होती, पण नऊ वर्षांत तयार झालेलं वाक्य एकच होतं आणि ते वापरून झालं होतं.

थोरल्याची सिगारेट सुटली नाही. चार वर्षांनी छातीच्या दुखण्यानं तो गेला, तोवर रोज रस्ता ओलांडत होता. वहिनी मुलीकडं राहायला गेल्या. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. बायको सत्तरी गाठून गेली. धाकटा वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगला, खोकला पुन्हा कधी झाला नाही. ओढावीशी वाटते का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, सिगारेट नाही, पायऱ्यांवर बसावंसं वाटतं.