एनॉसची तिसरी चारी

आमच्या नेदर चॅडफोर्डला 'सर्वांत नीटनेटकं गाव' या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं आणि तिथून सगळं बिघडलं. त्यानंतर परगावचं कोणी वही घेऊन येणार असं कळलं, की अख्खं गाव झाडू घेऊन बाहेर पडायचं. एकदा विजेचा मीटर वाचायला आलेल्या माणसाला तीन घरांनी केक खायला घातला होता. मी ग्रामसभेचा चिटणीस होतो, म्हणजे असला वेडेपणा माझ्या सहीने चालायचा.

गावाखाली नदीकाठी बारा एकर पाणकुरण होतं. वरंब्यांच्या माथ्यावरून चाऱ्या, दोन वरंब्यांमध्ये सऱ्या. थंडीत नदीचं पाणी चाऱ्यांत सोडायचं. ते काठावरून ओसंडून गवतावरून पातळ सरकत सरीत उतरायचं, आणि सरीतून पुन्हा नदीला. पाणी झऱ्यांचं, जरा उबदार. गवतावर हिम बसायचं नाही. मार्चमध्ये शेजारगावच्या मेंढ्या वाळकं चघळत असायच्या आणि आमच्या हिरवं खायच्या.

हे पाणी खेळवणारा शेवटचा पाटकरी एनॉस पॉथेकरी. वय चौऱ्याहत्तर. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याआधी आजा. कुरणाचा नवा मालक क्रूडसन. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जव पेरायचा होता. एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात बुलडोझर आणून सगळं सपाट करायचं त्याने ठरवलं.

"एनॉस, तुझ्यासाठी दुसरं काम बघतो," तो म्हणाला.

"दुसरं काम मला येत नाही," एनॉस म्हणाला. भांडण एवढंच.

तेवढ्यात संग्रहालयाच्या मिस टॅन्सवेल आल्या. जुन्या जमिनींचा अभ्यास करणाऱ्या, गुडघ्यापर्यंत बूट, कानामागे पेन्सिल. तीन आठवडे त्या फिती लावून कुरण मोजत होत्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या नकाशात त्यांना याच चाऱ्या सापडल्या.

"लंडनहून तपासनीस येतील," त्यांनी आम्हाला सांगितलं. "त्यांनी हे संरक्षित यादीत घातलं, की नांगर कायमचा बंद. मिस्टर पॉथेकरी, तुम्ही फक्त धीर धरा."

साहेब यायचे होते शुक्रवारी. मिस टॅन्सवेल अहवाल पुरा करायला संग्रहालयात गेल्या. जाताना 'कशाला हात लावू नका' हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. इतकं उघड कोण सांगतं?

सोमवारी मी एनॉसला गाठलं. "साहेब येतायत. जरा नीट दिसू द्या."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे चर्चच्या अंगणासारखं."

"चर्चच्या अंगणात गवत माजलंय," तो म्हणाला. "माझ्याकडे माजू देत नाही. पण करतो."

मग जे काम झालं ते मी जन्मात पाहिलं नाही. एनॉसने चाऱ्या खोल तासल्या, काठ सुरीने कापल्यासारखे सरळ केले. सुताराने पाण्याच्या दाराला एल्मच्या लाकडाच्या कोऱ्या फळ्या ठोकल्या. बायकांनी पूल घासला. तिसऱ्या चारीचा काठ सरळ यावा म्हणून ताणलेली दोरी धरायला मी होतो. मध्येच पाद्रीसाहेबांची बायको सायकलवरून गेली. मी टोपी उचलली, दोरी सैल झाली, आणि एनॉस मान खाली घालून कापत राहिला. मी काही बोललो नाही. वाटलं, कोणाच्या लक्षात येणार?

शुक्रवारी साहेब आले. त्यांच्याबरोबर आलेल्या मिस टॅन्सवेल फाटकातच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला तो मी पाहिला, आणि आपलं काहीतरी चुकलं एवढं मला कळलं. काय चुकलं, ते साहेबांनी पुढच्या पाच मिनिटांत समजावलं.

साहेब चारीच्या काठाशी उकिडवे बसले, माती बोटांत चुरली. "ही कधीची?"

एनॉस छाती काढून म्हणाला, "मंगळवारची, साहेब."

"आणि ती पलीकडची?"

"बुधवारची."

"या फळ्या?"

"काल ठोकल्या. वास येतोय बघा अजून."

साहेबांनी वास घेतला. सभ्य माणूस. "जुनं असं काय आहे इथे?"

"जुनं?" एनॉस दुखावला. "जुनं काही शिल्लक ठेवलं नाही, साहेब. दरवर्षी ताजं कापतो. बापही तेच करायचा."

"तेच तर!" मिस टॅन्सवेल पुढे आल्या. "दरवर्षी कापत आले म्हणूनच ते तीनशे वर्षं टिकलंय. साहेब, लिहा ना तसं!"

"बाई, नियमात 'न हलवलेलं' असा शब्द आहे," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "पाच वर्षं याने आळस केला असता, तर मला काहीतरी करता आलं असतं."

एनॉस माझ्याकडे वळला. "हे काय म्हणतायत?"

मी चिटणीस. मी म्हणालो, "त्यांना काम आवडलं."

ऑक्टोबरात दोन दिवसांत बुलडोझरने बारा एकर पाटीसारखं सपाट केलं. आम्ही पुलावर उभे राहून पाहिलं. पूल अजून स्वच्छ होता.

मग शहात्तरचा तो कोरडा उन्हाळा. जव करपला. क्रूडसन आभाळाकडे बघायचा, एनॉस बघायचा नाही. ऑगस्टमध्ये मिस टॅन्सवेल विमानातून काढलेला फोटो घेऊन एनॉसच्या घरी आल्या. मीही होतो. पिवळ्या जवात जिथे चाऱ्या बुजवल्या होत्या तिथे माती खोल, ओल धरून, म्हणून तिथलं पीक हिरवं राहिलं होतं. संपूर्ण पाणकुरण, रेघ न् रेघ.

"आता नोंद झाली!" त्या म्हणाल्या. 'उद्ध्वस्त' असं पुढे लिहिलं होतं, पण नोंद ती नोंद. "आणि सर्वांत ठळक कोणत्या दिसतात माहीत आहे? त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही खोल कापलेल्या."

एनॉसने चष्मा पुसला. फोटो खिडकीशी नेला. मिस टॅन्सवेलनी चहा संपवला, मी माझा थंड होऊ दिला.

"ही तिसरी वाकडी गेलीय," तो म्हणाला.

"कुठे? मला तर सरळच..." मिस टॅन्सवेल म्हणाल्या.

"इथे. दोरी सैल सुटली होती." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "तेव्हाच सांगायचं होतंत."

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"एकदा पाणी सोडलं असतं ना, तर लगेच कळलं असतं," एनॉस म्हणाला. "मग नीट केली असती."