ह्यूईच्या पलंगावरची बियर

फर्गसला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: सासऱ्याने, म्हणजे ह्यूई मॅक्रेने, आपण घरी केलेल्या बियरचा एक ग्लास संपवावा. ह्यूई एक घोट घ्यायचा, "वेगळी आहे" म्हणायचा आणि उरलेली गुलाबाच्या बुंध्याशी ओतायचा. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडल्या गोरसारख्या गावात "वेगळी आहे" म्हणजे शिवीच. "वाईट नाही" असं कोणी म्हटलं, तर माणूस वर्षभर छाती काढून फिरतो.

या खेपेला फर्गस हट्टालाच पेटला. डब्यातला माल्टचा घट्ट पाक गरम पाण्यात ढवळून त्याने पिंपात ओतला, यीस्ट भुरभुरलं, कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं तर सढळ हाताने घातली. पण थंडी अशी की स्वयंपाकघरातही दात वाजत होते, आणि यीस्टला ऊब लागते. विजेची चादर घरात एकच, ती ह्यूईच्या पलंगावर. शेवटी म्हातारा कुरकुरत अंगणातल्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, राहायला गेला आणि पिंप त्याच्या पलंगावर रजई पांघरून, उशांना टेकून बसलं. उजेड लागू नये म्हणून फर्गसने त्याला म्हाताऱ्याची लोकरी टोपीही चढवली.

शेजारच्या एल्सीबाईंनी खिडकीतून पाहिलं. टोपी, रजई, आणि झाकणावरच्या नळीतून घरघर लागल्यासारखं येणारं "बुडूक... बुडूक". दुपारपर्यंत गावभर झालं की ह्यूई शेवटच्या घटका मोजतोय.

तिथे अशा वेळी कोणी चौकशी करत नाही, ते असभ्य. लोक दारात झाकलेलं भांडं ठेवतात आणि निघून जातात. मटणाचा रस्सा आला, स्कोन नावाचे गोडसर पाव आले, पावलोव्हा केक आला. फर्गस खरं सांगायला निघाला, तर ह्यूईने त्याला हटकलं.

"गप बस. या एल्सीने मला धडधाकट असताना कधी बिस्कीट विचारलं नाही. जरा आजारी राहू दे मला."

मग पाद्री आले. ते प्रार्थना म्हणत असतानाच यीस्टचं काम संपलं आणि बुडबुडे थांबले. पाद्र्यांनी उसासा टाकून, डोळे मिटवायला म्हणून, टोपीकडे हात नेला. झाकण हललं, हवा शिरली, की सगळं मुसळ केरात. हात लावू नका म्हणून फर्गसने गयावया केली.

"फार जीव होता ना तुमचा?" पाद्र्यांनी विचारलं.

"फार," फर्गस म्हणाला, आणि ते अजिबात खोटं नव्हतं.

झालं. ह्यूई गेला, हे पाद्र्यांनीच गावाला कळवलं. ऑस्ट्रेलियाचे नातेवाईक यायचे म्हणून शोकसभा लांबली, तोवर बियर बाटल्यांत छान मुरली. मृतदेहाचं काय केलं, हे कोणी विचारलं नाही. तेही असभ्यच.

सभेला हॉलमध्ये अख्खं गाव लोटलं. सॉसेज रोल असणार म्हटल्यावर ह्यूईलाही राहवेना. तो आला आणि थेट फर्गसने मांडलेल्या बियरच्या टेबलाशी उभा राहिला. एल्सीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, पण गेलेल्या माणसाला "तुम्ही इथे कसे?" विचारणं बरं दिसलं नसतं. त्यांनी त्याच्यापुढे बशी सरकवली.

फर्गसने ग्लास भरला. ह्यूईने एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. मग तळ दिसेपर्यंत प्यायला, मिशीवरचा फेस पुसला आणि ग्लास पुढे केला.

"वाईट नाही. भर."

फर्गसला हुंदका आवरेना. भर हॉलमध्ये तो ओक्साबोक्शी रडला. एल्सीबाईंनी त्याला रुमाल दिला, आणि सासऱ्यासाठी इतका रडणारा जावई उभ्या जन्मात पाहिला नाही, असं त्या शेजारी उभ्या असलेल्या ह्यूईलाच सांगू लागल्या.