आगाशीहून आलेले

पुढच्या वीस वर्षांत तुळिंजला बाहेरून किती माणसं येतील, याचा अंदाज काढायचं काम मेघनाकडे होतं. नवी पाइपलाइन त्यावर ठरणार होती. मागच्या जनगणनांचे आकडे तिने मांडले आणि पडताळणीसाठी हाताखालच्या उमंगला दोनशे घरं फिरायला पाठवलं. प्रश्न दोनच: कुठून आलात, कोणत्या साली.

एका फॉर्मवर लिहिलं होतं: आगाशी, २०४१.

"साल चुकलंय," ती म्हणाली.

"मी तीनदा विचारलं, मॅडम. आजी तेच सांगत होत्या."

आगाशी मेघनाचंच गाव. दुपारी ती स्वतः त्या आजींच्या चाळीत गेली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. एक म्हातारी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती.

"आजी, तुम्ही इथे कधी आलात?"

"एकेचाळीसला. बागेत खारं पाणी शिरलं. आधी पानवेली गेल्या, मग केळी. राहून काय करायचं?"

"एकेचाळीस साल अजून यायचंय."

म्हातारीने हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. घरात कोणी गेलेलं ज्याला अजून कळलेलं नाही, त्याच्याकडे पाहावं तसं.

"तुमच्याकडे केळी आहेत तर अजून," ती हळू म्हणाली. "आमची सगळी आळीच उठली. विद्याधरच्या मुलीने आधी सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाय."

विद्याधर हे मेघनाच्या वडिलांचं नाव. जिना उतरून ती तडक आगाशीच्या बसमध्ये बसली.

घरी पोचली तेव्हा वडील बागेत पंपापाशी होते. नळीखाली ओंजळ धरून ती पाणी प्यायली. खारट लागलं.

"बाबा, हे असं कधीपासून?"

त्यांनी पंप बंद केला. "दोन उन्हाळे झाले. तुझ्या आईला सांगितलेलं नाही."

आजीचं तिने त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती आळीतल्या अकरा घरी गेली आणि विहिरीचं पाणी तपासून घ्या, म्हणाली. बहुतेकांनी चहा दिला, कामाची चौकशी केली, विषय बदलला. दोघी मात्र संध्याकाळी बाटल्या भरून घेऊन आल्या.

दोघींनी ऐकलं होतं. म्हातारी तर कोणीच ऐकलं नाही म्हणाली होती. त्या बाटल्या हातात धरून मेघना कितीतरी वेळ ओटीवर उभी राहिली.